बोराबाजारातले कॅमेरा रिपेअरवाले काका: चार स्टार, पाचवा का कापला ते शेवटी

आधीच सांगते, दुकानाचं नाव टाकत नाहीये. काकांनीच हात जोडले, म्हणाले मॅडम नेटवर नाव नका टाकू, पावसाळ्यात आधीच लोक जिन्यापर्यंत उभे असतात. पण सीएसएमटीसमोरचा सबवे ओलांडून बोराबाजारात शिरलात आणि तिथल्या कुठल्याही कॅमेऱ्याच्या दुकानात "ते जुने रिपेअरवाले, पहिल्या मजल्यावरचे" असं विचारलंत तर कोणीतरी हातातला वडापाव खाली न ठेवता बोट दाखवतं. जिना अंधारा आहे, दोरी धरून चढायचं.

माझा कॅमेरा सेकंडहँड डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला मोठा कॅमेरा). दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाकडून घेतला, तो मिररलेसवर (आरसा नसलेल्या नव्या जातीच्या कॅमेऱ्यावर) गेला म्हणून त्याने बॉडी, १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच येणारी) आणि ५० एमएमची एक लेन्स असं सगळं एका बॅगेत घालून दिलं. मी बँकेत काम करते, फोटोग्राफर वगैरे काही नाही, घरातली बारशी, मुंजी, डोहाळेजेवणं एवढंच माझं शूटिंग. तर पहिल्या दिवसापासून फोटो मनासारखे येईनात. कधी काळपट, कधी एकदम धुतल्यासारखे पांढरे, कधी तोंडं गुलाबी तर कधी हिरवट, आणि लॅपटॉपवर बरा दिसणारा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला की सगळा रंग उडालेला, आमच्या नणंदबाई तर म्हणाल्या वहिनी तुमच्या त्या मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा माझा फोन बरा. लागलं ते.

खरा कहर झाला मे महिन्यात चिपळूणला मावसबहिणीच्या लग्नात, आणि मग जूनमध्ये दिवे घाटात माउलींच्या पालखीला. साडेतीनशे फोटोंतले चाळीससुद्धा दाखवण्यासारखे निघाले नाहीत. मग मी एका मॉलमधल्या चकचकीत दुकानात गेले (नाव नकोच), तिथल्या मुलाने चार फोटो स्क्रीनवर बघितले, लेन्ससुद्धा न काढता सांगितलं की मॅम सेन्सर (म्हणजे उजेड टिपणारी आतली चिप) गेलाय, बोर्डसकट बदलावा लागेल, साडेचौदा हजार. माझा कॅमेराच मुळात अठराचा. मी थँक्यू म्हणून बाहेर पडले आणि ऑफिसातल्या एका सरांनी बोराबाजारचा पत्ता दिला.

काकांनी कॅमेरा हातातच घेतला नाही. म्हणाले, "कार्ड फॉरमॅट नाही ना केलं? मग कॅमेरा राहू दे बाजूला, आधी फोटो दाखवा." बिघडलेले सगळे फोटो मी जपून ठेवले होते, हे मी आयुष्यात केलेलं एक शहाणपणाचं काम. त्यांच्याकडे एक जुनाट लॅपटॉप आहे, कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसलेली, त्यावर त्यांनी फोटो उघडले आणि प्रत्येकाची माहिती बघत बसले, म्हणजे कुठली लेन्स, शटर किती (म्हणजे उजेड किती वेळ आत घेतला), अ‍ॅपर्चर किती (लेन्सचं भोक केवढं उघडलं, ते एफच्या आकड्यात, आकडा मोठा तेवढं भोक लहान), आयएसओ किती (उजेडाला कॅमेरा किती हळवा), व्हाइट बॅलन्स काय (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेला रंगाचा हिशोब), एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन काय (कॅमेऱ्याच्या हिशोबापेक्षा फोटो मुद्दाम उजळ किंवा काळपट करायची सेटिंग). हे सगळं फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेलं असतं, मला दोन वर्षांत बघायचं सुचलं नव्हतं. मग धोबी कपडे वेगळे करतो तसे त्यांनी फोटोंचे ढीग लावले. हा ढीग किट लेन्सचा, हा ५० चा, हा हॉलमधला, हा मांडवातला, हा पालखीचा. म्हणाले, लोक एकच तक्रार घेऊन येतात की कलर बरोबर येत नाही, आणि आत पाच वेगळ्या भानगडी निघतात, एकीवर औषध केलं की दुसरी उघडी पडते आणि माणूस म्हणतो कॅमेरा आणखी बिघडला.

पहिली भानगड दोन मिनिटांत सापडली आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन वजा एकवर होतं. सगळ्या फोटोंत. कॅमेरा विकणाऱ्या त्या मुलाने कधीतरी ठेवलेलं, कॅमेरा बंद करून चालू केला तरी ते तसंच राहतं, आणि मी ते अधिक-वजावालं बटण कशाचं आहे हे कधी बघितलंच नव्हतं. वजा एक म्हणजे कॅमेऱ्याला जेवढा उजेड योग्य वाटतो त्याच्या निम्माच घ्यायचा. म्हणून किट लेन्सचे सगळे फोटो काळपट. मी म्हटलं, "अहो पण मी रिसेट मारलं होतं!" तर माझ्या कॅमेऱ्यात कस्टम सेटिंगचं रिसेट वेगळं आणि शूटिंग मेनूचं वेगळं आहे, मी मारलं होतं ते चुकीचं. काका म्हणाले, दुसऱ्याच्या घरात राहायला गेलं की भिंतीला आधीच्या भाडेकरूचे खिळे असतातच.

दुसरा खिळाही त्याचाच. त्यांनी फाइलच्या नावावर बोट ठेवलं. नाव अंडरस्कोअरने सुरू होत होतं, म्हणजे कलर स्पेस (फोटोत कुठले रंग मावतात त्याची हद्द) अ‍ॅडोबी आरजीबीवर आहे, बऱ्याच कॅमेऱ्यांत ही खूण असते. अ‍ॅडोबी आरजीबी १९९८ चं, त्यात रंगांचा पसारा मोठा, विशेषतः हिरव्याचा, छपाईच्या कामाला चांगलं, पण फोन, व्हॉट्सअ‍ॅप, कोपऱ्यावरची फोटो लॅब हे बरेचदा धरून चालतात की फोटो एसआरजीबीमध्येच (नेहमीच्या, लहान पसाऱ्यात) आहे, त्यामुळे प्रोफाइल (फाइलमधली कलर स्पेसची नोंद) न वाचणाऱ्या ठिकाणी गेला की रंग फिके पडतात. नणंदबाईंचं उत्तर मिळालं मला. सेटिंग बदललं, दहा सेकंद.

पण मग ५० एमएमच्या लेन्सचे फोटो पांढरेफटक का? तिथेही वजा एकच होतं की. आणि त्यातही गंमत अशी की ती लेन्स एफ ४ ला ठेवली की फोटो एकदम मस्त यायचे, मी तर मैत्रिणींना सांगत सुटले होते की या लेन्सचा एफ ४ हा स्वीट स्पॉट आहे वगैरे. एफ ८ ला मात्र पालखीतले लोक धुक्यात चालल्यासारखे.

इथे काकांनी जे केलं त्यासाठी खरं तर मी हे एवढं लिहायला बसलेय. कॅमेरा मॅन्युअलवर टाकला, ऑटो आयएसओ बंद करून २०० ला फिक्स केला, खिडकीत स्टँडवर लावला आणि समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीवर रोखला. मग पाच फोटो. एफ २.८ ला शटर १/१०००, एफ ४ ला १/५००, एफ ५.६ ला १/२५०, एफ ८ ला १/१२५, एफ ११ ला १/६०. एकीकडे भोक निम्मं करायचं आणि दुसरीकडे वेळ दुप्पट, म्हणजे आत येणारा उजेड तेवढाच, पाचही फोटो सारखेच उजळ यायला हवेत. पटापट काढायचे, कारण मध्येच ढग आला तर सगळा हिशोब फिसकटतो, म्हणून त्यांनी सगळं दोनदा केलं. आत ट्यूबखाली ही टेस्ट करायची नाही, का ते पुढे येतंय. माझ्या ५० चे पाच फोटो बघितले तर पहिला ठीक, दुसरा जरा उजळ, तिसरा आणखी, चौथ्यात भिंतीवरचा गंज दिसेना आणि पाचव्यात भिंतच दिसेना. मग किट लेन्स लावून हेच एफ ५.६ पासून एफ १६ पर्यंत केलं, चारही फोटो एका आईची लेकरं. म्हणजे बॉडी ठीक, शटर ठीक, सेन्सर ठीक. साडेचौदा हजार खिडकीत उभ्या उभ्या वाचले.

त्यांनी लेन्स काढून मागची बाजू माझ्यासमोर धरली. या जातीच्या लेन्सला मागे एक छोटी दांडी असते (काही कंपन्यांच्या लेन्समध्ये हे काम विजेवर चालतं, तिथे दांडी नसते). आपण बघत असतो तेव्हा लेन्सच्या आतल्या पात्या पूर्ण उघड्या असतात म्हणजे आपल्याला स्वच्छ दिसावं, आणि बटण दाबल्यावर फोटो घेण्याच्या त्या क्षणापुरत्या त्या ठरलेल्या मापापर्यंत मिटतात. दांडी बोटाने सरकवून सोडली की पात्या टक्कन जाग्यावर यायला पाहिजेत, माझ्या लेन्सच्या पात्या दुपारच्या मांजरासारख्या आळोखेपिळोखे देत येत होत्या. पात्यांवर तेल. लेन्समधलं ग्रीस उन्हाने पातळ होऊन पात्यांवर उतरतं आणि त्या चिकटतात. "मॅडम, गाडीत ठेवली होती का कधी?" चिपळूणला, मे महिन्यात, अख्खी दुपार, डॅशबोर्डवर. ते पाप माझंच. कॅमेरा एफ ८ चा हिशोब करून शटर ठरवायचा आणि पात्या निम्म्या वाटेतच थांबायच्या, म्हणून जास्तीचा उजेड. आणि एफ ४ चा माझा तो स्वीट स्पॉट म्हणजे काय तर पात्यांमुळे एक स्टॉप जास्त (म्हणजे दुप्पट उजेड) आणि त्या भाडेकरूच्या खिळ्यामुळे एक स्टॉप कमी (म्हणजे निम्मा), दोन चुकांनी एकमेकींना झाकलेलं. नुसतं कॉम्पेन्सेशन शून्यावर आणलं असतं तर माझी तीच लाडकी सेटिंग बिघडली असती आणि मी परत म्हटलं असतं की सेन्सर गेला.

सेन्सर खरंच गेलेला कसा दिसतो तेही त्या दिवशी कळलं. मी पिशवीत बाबांचा २००४ चा छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा पण टाकून नेला होता, कारण भाचीला तो हवाय, तिच्या कॉलेजात म्हणे आता जुन्या डिजिकॅमचीच फॅशन आहे. काकांनी चालू केला आणि हसले. स्क्रीनवर सगळं जांभळं आणि आडव्या रेघा. म्हणाले हा बघा सेन्सर गेलेला. २००५ च्या आसपास बऱ्याच कंपन्यांच्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत हा घोळ निघाला होता, उष्ण आणि दमट हवेत सीसीडीच्या (त्या काळच्या सेन्सरच्या) आतल्या जोडण्या सुटायच्या, तेव्हा कंपन्यांनी फुकट बदलून दिले होते. आता पार्ट नाही, शोकेसमध्ये ठेवा. भाचीचा चेहरा पडला ते सोडा, पण फरक लक्षात आला, गेलेला सेन्सर सगळीकडे सारखाच गेलेला असतो, तो लेन्स बदलल्यावर किंवा अंगणात आल्यावर सुधारत नाही.

आता पालखी. किट लेन्सचे पालखीचे फोटो नुसते काळपट नव्हते, इतर फोटोंपेक्षाही जास्त काळे होते, म्हणजे वजा एक काढूनही पुरणार नव्हतं. त्यावर काकांनी विचारलं, "वारकरी काय घालतात?" पांढरं, अजून काय. "आणि वर आभाळ?" तेही पांढरं. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर पांढरं आहे की काळं ते कळत नाही, तो समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आहे असं समजून चालतो, तो फिल्मच्या काळातला १८ टक्के ग्रे. समोर हजारो पांढरे सदरे आणि टोप्या आल्या की त्याला वाटतं केवढा हा उजेड, आणि तो फोटो दाबून करडा करतो, मग सदरे मळके आणि चेहरे कोळसा. तिथे अधिक एक किंवा दीड स्वतःहून द्यायचं. आणि धनगराचं काळं घोंगडं फ्रेमभर आलं तर उलटं, वजा करायचं, नाहीतर ते राखाडी होऊन बसतं. हे मी कुठल्यातरी व्हिडिओत दहादा ऐकलं होतं बर्फाचं उदाहरण देऊन, आता डोंबिवलीत कुठला बर्फ, त्यामुळे डोक्यात शिरलंच नव्हतं.

हॉलमधल्या फोटोंची गंमत वेगळी. संगीताच्या कार्यक्रमात लागोपाठ काढलेल्या दहा फोटोंत तीन ठीक, चार पिवळट तपकिरी, बाकीच्यांत आडवे काळपट पट्टे. मी समजत होते शटर मरतंय. काकांनी त्यांच्याच दुकानातल्या स्वस्तातल्या एलईडी ट्यूबखाली १/५०० ला फटफट दहा फोटो काढले, दहाही वेगळे. मग १/५० ला दहा, सगळे सारखे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते, डोळ्याला कळत नाही पण १/५०० ला कॅमेऱ्याला त्यातला कुठला तुकडा मिळेल ते नशीब, आणि मंद होताना रंगही बदलतो. १/१०० किंवा १/५० ठेवलं की पूर्ण लाट आत येते. नाचणारी माणसं मग थोडी हलतात फोटोत, हलू देत. हॉलमधले दिवे कसे आहेत हे आधीच बघायचं तर फोनवर स्लो मोशन व्हिडिओ घ्यायचा, लुकलुकणारा दिवा लगेच पकडला जातो, मी आता कुठल्याही हॉलमध्ये शिरले की आधी छताचा व्हिडिओ काढते आणि नवरा लांब जाऊन उभा राहतो.

हळदीच्या फोटोंवर मात्र काका आणि मी अर्धा तास बसलो, मध्ये चहा आला. वर पिवळ्या आणि गुलाबी कापडाचा मांडव, दुपारचं ऊन त्या कापडातून गाळून खाली येतंय, म्हणजे उजेडच मुळात गुलाबी, एका बाजूला नारळाच्या झावळ्यांची हिरवी झाक, आणि मध्ये हळदीने माखलेली नवरी, पिवळी साडी, पिवळी फुलं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर. त्या बिचाऱ्या ऑटोने काय करावं? त्याला वाटतं दिवाच पिवळा आहे, म्हणून तो निळा रंग घालून सगळं सरळ करायला जातो आणि हळद होते बेसनासारखी फिकी आणि नवरीची कातडी राखेसारखी. पुढच्या फ्रेममध्ये मामाचं पांढरं धोतर आलं की त्याचं मत बदलतं, परत गुलाबी. म्हणून लागोपाठचे दोन फोटो दोन गावचे वाटतात. उपाय म्हणजे ऑटो सोडायचा आणि मांडवात नवरी बसणार त्याच जागी एक ग्रे कार्ड (साधं करड्या रंगाचं कार्ड) धरून त्यावरून व्हाइट बॅलन्स पक्का करून घ्यायचा, जागा बदलली की परत घ्यायचा. मी म्हटलं कार्ड कशाला, धोतर आहे की पांढरं. काका खो खो हसले. म्हणाले नीळ घातलेल्या धोतरावरून व्हाइट बॅलन्स घेतलात तर कॅमेरा ती नीळ काढायला जाईल आणि सगळं वऱ्हाड काविळीचं दिसेल. झेरॉक्सच्या कागदाचंही थोडं तसंच, त्यातही पांढरेपणासाठी निळसर चमक घातलेली असते. कार्ड दोन-अडीचशेला मिळतं, खाली कुठल्याही दुकानात.

रात्री दारातल्या पिवळ्या बल्बच्या माळा आणि आतून येणारी पांढरी ट्यूब असं मिसळलेलं असेल तर कार्डही कामाचं नाही. बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा (उजेड किती पिवळा किंवा निळा त्याचं हे माप), दिवसाचं ऊन साडेपाच हजाराच्या आसपासचं, ट्यूब तिसरीच कुठेतरी, दोन डगरींवर पाय. तिथे एक दिवा बंद करायला सांगायचा, नाहीतर चेहऱ्यावर जो उजेड आहे तो धरायचा आणि मागचं जे होईल ते होऊ द्यायचं.

आणि ते रिसेप्शनच्या स्टेजवरचे जांभळे-निळे एलईडी. त्या फोटोंत नवऱ्या मुलाच्या गालावर निळे डाग पडलेत, त्वचेचा काही तपशीलच नाही. काका म्हणाले याला माझ्याकडे औषध नाही. उजेडात फक्त निळाच आहे, लाल-हिरवा जवळजवळ नाही, त्यामुळे निळा चॅनल भरून वाहतो आणि मीटरला पत्ता लागत नाही. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लावून बघायचा आणि निळा उजवीकडे आपटत असेल तर एक्स्पोजर कमी करायचं, झालेले फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून मोकळं व्हायचं.

इथे माझा त्यांच्याशी एक मतभेद आहे तो लिहून टाकते. काका फिल्मच्या काळातले, त्यांचं म्हणणं रॉमध्ये (सेन्सरकडून आलेल्या कच्च्या फाइलीत) शूट करणं ही आळशी माणसाची सोय, फोटो कॅमेऱ्यातच बरोबर यायला हवा. ऐकायला छान वाटतं. पण मंगलाष्टकं चालू असताना मला कोण थांबून व्हाइट बॅलन्स लावू देणार आहे? रॉ असेल तर रंग घरी बसून निवांत बदलता येतो, जेपेगमध्ये (कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फाइलीत) तेवढा नाही, विषय संपला. मी आता कार्यक्रमाला रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवते, कार्ड लवकर भरतं एवढंच. काकांना सांगितलेलं नाही.

निघता निघता त्यांनी किट लेन्समध्ये टॉर्च मारून दाखवला. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी. चिपळूण म्हणा, डोंबिवली म्हणा, पावसाळ्यात कपाटातल्या चपला हिरव्या होतात तिथे लेन्स कशी सुटेल. बुरशीने फोटो काळा किंवा पिवळा होत नाही, पण सगळ्यावर एक दुधी पडदा येतो, उन्हाकडे तोंड केलं की जास्तच, आणि माणूस ओव्हरएक्स्पोज समजून वजा करत बसतो. वरून मी त्यावर तीनशे रुपयांचा यूव्ही फिल्टर लावलेला, तो त्यांनी न विचारता काढून टेबलावर टाकला. ठेवायचं कसं, तर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहिली पाहिजे. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते ओले झालेत, कढईत मंद गरम करून परत वापरायचे (ती कढई परत पोह्यांना नको). तांदळात ठेवायचा तो उद्योग करू नका, पीठ जातं आत. आणि चामड्याच्या कव्हरमध्ये तर अजिबात नको, बुरशीला चामडं म्हणजे पुरणपोळी.

बिल ऐका. ५० एमएम पूर्ण उघडून पात्या साफ करायचे सोळाशे, किट लेन्सची बुरशी काढायचे सातशे, एकूण तेवीसशे. सेटिंग सुधारली, दोन तास शिकवणी दिली, बाबांचा कॅमेरा तपासला, त्याचे शून्य. मी विचारलं तर म्हणाले स्क्रू फिरवला तर पैसे, बटण फिरवलं तर कसले पैसे.

लेन्स परत आल्यावर घरी खिडकीत तीच पाच फोटोंची टेस्ट केली, पाचही सारखे. गणपतीत पांढऱ्या कापडाच्या मखराला अधिक एक देऊन, १/१०० ला, कार्ड धरून आरती काढली. निरांजनाचा उजेड आईच्या चेहऱ्यावर जसा होता तसा आला. नणंदबाईंनी तो डीपीला लावलाय, माझं नाव न घेता. नवऱ्याचं मात्र अजून चालू होतं की रात्री बघितलं की तुझे फोटो पिवळे दिसतात. दोन दिवस मी परत घाबरले, मग त्याचा फोन हातात घेतला तर रात्री नऊनंतर डोळ्यांना आराम देणारा तो पिवळा मोड आपोआप चालू होत होता. असो.

आता तो कापलेला स्टार. तीन आठवडे सांगून पाच लावले. फोन उचलत नाहीत, कधीच नाही, मला त्यासाठी डोंबिवलीहून दोन फेऱ्या फुकट पडल्या आणि त्यातल्या एकीला लोकल मध्येच पाण्यात उभी. पावती म्हणजे वहीच्या कागदाचा चतकोर, त्यावर लेन्सचा नंबरसुद्धा लिहीत नाहीत, तो तुम्ही स्वतः लिहून त्यांची सही घ्या. दीड ते अडीच बंद, रविवार बंद. यूपीआय चालतं. मिररलेसला हात लावत नाहीत, सरळ नाही म्हणतात, आणि घाईत असाल तर जाऊच नका कारण ते समोरच्याला समजेपर्यंत सोडत नाहीत, माझ्यामागे उभा असलेला एक पत्रकार मुलगा दोन तास हे सगळं ऐकत बसला होता, तो फ्लॅश लावून १/५०० ला फोटो काढायचा आणि खाली काळी पट्टी का येते ते विचारायला आला होता, त्याला उत्तर अर्ध्या मिनिटात मिळालं की शटर १/२०० किंवा त्याहून हळू ठेव.

जाताना बिघडलेले फोटो कार्डात राहू द्या, दोन्ही लेन्स न्या. आणि परत आणताना लेन्सच्या मागच्या काळ्या कॅप आठवणीने मागून घ्या. माझी एक अजून त्यांच्या ड्रॉवरमध्येच आहे.